अध्यक्ष बदलताय? आधी तक्रारदारांची गाठ घालून द्या

तुमचा प्रश्न नीट वाचला. बडोद्यातली छोटी मानवाधिकार संस्था, 22 वर्षं एकच अध्यक्ष, आता तब्येतीमुळे ते बाजूला होताहेत. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे, कार्यकारिणीत दोन तट पडलेत आणि त्यातला एक म्हणतोय की गांधीनगरला ज्याचा शब्द चालतो असाच माणूस अध्यक्ष हवा. तुम्ही सचिव आहात, म्हणून चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची सरकारी नोंद, कसा भरायचा, जुन्या अध्यक्षांना 'मार्गदर्शक' म्हणून ठेवायचं का आणि सत्कार कधी करायचा, असं विचारलंय.

चेंज रिपोर्टचं सांगतेच. पण त्याआधी आमच्या संस्थेत काय झालं ते ऐका, कारण कागद चुकला तर नंतर दुरुस्त करता येतो. हे आम्हाला दुरुस्त करता आलं नाही.

बडोद्याच्या रावपुऱ्यात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दर मंगळवारी संध्याकाळी तक्रारदार यायचे. अध्यक्ष वकील होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊंची एक खाकी पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात कुणाचंही पूर्ण नाव नसे. गावाचं पहिलं अक्षर, माणसाचं पहिलं अक्षर आणि पुढे तारीख, बस्स. पोलिसांविरुद्ध बोलणाऱ्याचं नाव ऑफिसात उघडं पडू नये म्हणून ही काळजी होती आणि ती योग्यच होती. पण 'पा. स.' म्हणजे कोण, हे फक्त भाऊंना माहीत.

मग एका सभेत वादावादी झाली, भाऊंनी तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला आणि दुसऱ्या दिवशी वही टेबलावर ठेवून गेले. वही आमच्याकडे आली, तिची उकल आली नाही. भाऊंना फोन करायला कुणी तयार नव्हतं, जो तो आपापल्या रागात. मीसुद्धा. 'पा. स.' म्हणजे बडोद्याजवळच्या पादरा गावाकडच्या एक बाई, त्यांच्या मुलाला चौकीत मारहाण झाली होती. त्या दोन मंगळवार आल्या, खोलीत अनोळखी चेहरे बघून दारातूनच 'वकीलसाहेब नथी?' विचारून परत गेल्या. भाऊंशी आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं तेव्हा पाच महिने गेले होते आणि घटनेला वर्ष उलटून गेलं होतं. मानवी हक्क संरक्षण कायदा, 1993 च्या कलम 36 प्रमाणे घटनेला वर्ष झालं की मानवाधिकार आयोगाला तिची चौकशी करता येत नाही. आयोगाकडे पाठवायचा अर्ज भाऊंच्या अक्षरात अर्धा लिहिलेला फायलीत तसाच होता. कोर्टाची वाट उघडी होती, पण त्या बाईंची आमच्यावरची भिस्त गेली होती. मी पादरा गावी जाऊन त्यांना भेटले. त्यांनी पाणी दिलं, खाट पुढे केली आणि मुलाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

म्हणून दुसऱ्या वेळी अध्यक्ष बदलताना आम्ही सभेच्या आधी तीन आठवडे वेगळे काढले. चालू असलेली एकेक केस घेऊन जुने अध्यक्ष, पुढे ती बघणारा माणूस आणि स्वतः तक्रारदार अशा तिघांना एका टेबलाशी बसवलं. जुन्या अध्यक्षांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं, 'आता यांच्याशी बोला, हे आपलेच.' दोघांनी स्पष्ट नाही म्हटलं. त्यांची मूळ कागदपत्रं आम्ही पावती घेऊन परत केली, कारण त्यांनी आपली हकीकत एका माणसावर विश्वास ठेवून सांगितली होती, ती संस्थेची मालमत्ता नव्हे. प्रत्येक फायलीवर घटनेची तारीख आणि तिच्या शेजारी वर्ष पुरं होण्याची तारीख लाल शाईने लिहिली. तुम्ही बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण हे नक्की करा. कोणता तट जिंकेल याची वाट बघू नका. नवा अध्यक्ष कुणीही झाला तरी केस बघणारी दोन माणसं आत्ताच ठरवता येतात, त्याला मतदान लागत नाही.

आता कागद. तुमची संस्था 1860 च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली आहे, म्हणजे गुजरातेत ती सार्वजनिक ट्रस्टही आहे आणि तिला 1950 चा ट्रस्ट कायदा लागू होतो. पूर्वी तो मुंबईच्या नावाने ओळखला जायचा, आता गुजरातच्या नावाने आहे. त्याच्या कलम 22 प्रमाणे बदल झाल्यापासून 90 दिवसांत चॅरिटी ऑफिसात चेंज रिपोर्ट जायला हवा. सोबत सभेची नोटीस, हजेरी, ठरावाची नक्कल, जाणाऱ्याचा राजीनामा आणि येणाऱ्याचं संमतिपत्र ठेवा. माझा अनुभव असा की भांडण कोण निवडून आला यावरून कमी आणि नोटिशीवरून जास्त होतं. अमक्याला नोटीस मिळालीच नाही, तमक्याची वर्गणी थकली होती तरी मत धरलं, असल्या हरकती निघतात. तेव्हा तुमच्या संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, काढून नोटिशीची मुदत, कोरम आणि मताचा हक्क ही तीन कलमं दोन्ही तटांना आजच वाचून दाखवा. मतदारयादीवर दोघांच्या सह्या घ्या. दोन तटांनी दोन चेंज रिपोर्ट टाकले तर चौकशी वर्षानुवर्षं रेंगाळते, आणि तोवर बँक कुणाचीच सही मानत नाही.

बँकेतल्या सह्यांचा बदल त्याच ठरावात लिहा. आयकराच्या पोर्टलचा ओटीपी, ईमेलचा पासवर्ड, व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिन, यातलं बरंचसं जुन्या अध्यक्षांच्या मोबाइलला बांधलेलं असणार. ते हसतमुख आहेत तोवर एक दुपार त्यांच्या घरी बसून सगळं बदलून घ्या.

'गांधीनगरला शब्द चालतो' या मुद्द्यावर मला मनापासून विरोध करायचा आहे. आणीबाणीत, 1976 मध्ये, जयप्रकाश नारायण यांनी नागरी स्वातंत्र्यासाठी देशपातळीवर संघटना उभी केली. 1977 ला जनता सरकार आलं, ओळखीची माणसं सत्तेत बसली आणि ते काम थंडावलं. आता आपलंच राज्य आहे, असं सगळ्यांना वाटलं. 1980 च्या नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) म्हणून बांधावी लागली, अध्यक्ष झाले वि. म. तारकुंडे, आपल्या सासवडचे, मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती. त्या वेळचं सरकार कोणत्या पक्षाचं हा मुद्दाच नाही. ज्याच्या ओळखीने कामं होतात, त्याला त्या ओळखीच्या माणसाविरुद्ध अर्ज लिहिणं जड जातं. कोठडीत मार खाल्लेल्या मुलाचा अर्ज तर सरकारविरुद्धच असतो.

मार्गदर्शक म्हणून ठेवावं का? कार्यकारिणीत नको. हे कठोर वाटेल, 22 वर्षं ज्यांनी संस्था पोटच्या पोरासारखी सांभाळली त्यांच्याबद्दल असं लिहिताना मलाही बरं वाटत नाही. पण अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या जगभर काम करणाऱ्या मानवाधिकार संघटनेचंच बघा. लंडनचे वकील पीटर बेनेन्सन यांनी 1961 मध्ये ती सुरू केली. पाचेक वर्षांतच संघटनेत ब्रिटिश हेर शिरलेत असा त्यांना संशय आला, सहकाऱ्यांशी बिनसलं आणि 1967 मध्ये ते बाहेर पडले. संघटनेने नुसता माणूस बदलला नाही, अध्यक्ष हे पदच काढून टाकलं. दहा वर्षांनी, 1977 मध्ये, तिला शांततेचं नोबेल मिळालं. ह्यूमन राइट्स वॉच या अमेरिकेतल्या मानवाधिकार संस्थेचे संस्थापक रॉबर्ट बर्नस्टीन 1998 पर्यंत अध्यक्ष होते, पुढे 2009 मध्ये त्यांनी आपल्याच संस्थेवर वर्तमानपत्रातून जाहीर टीका केली. ते बरोबर होते की चूक, यावर लोक आजही भांडतील. पण ते खुर्ची सोडून, बाहेर उभं राहून बोलले, आणि संस्थेलाही बाहेरच्या माणसाला देतात तसं उत्तर देता आलं. आतली, मानाची पण जबाबदारी नसलेली जागा दोघांचीही कोंडी करते. नवा अध्यक्ष दर निर्णयाआधी त्यांच्या तोंडाकडे बघतो, लोक तक्रार त्यांच्याकडेच नेतात.

गावातल्या लोकांना त्यांचाच चेहरा ओळखीचा आहे, हे तुमचं म्हणणं खरं आहे. त्यासाठी तीन महिने ठरवून द्या. त्यांनी मंगळवारी यावं, फक्त जुन्या केसेसपुरतं बसावं आणि तारीख संपली की थांबावं. हे ठरावात लिहा, म्हणजे त्यांनाही अपमान वाटणार नाही.

यापुढे अध्यक्षपदाला मुदत असावी असं तुम्ही सुचवलंय, ते करा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या अध्यक्षांचा कार्यकाळही 2019 च्या दुरुस्तीने 5 वरून 3 वर्षांवर आलाय. फक्त घटनादुरुस्ती याच सभेत घुसवू नका. ती जुन्या अध्यक्षांवर रोख धरून आणली असंच वाटेल. सहा महिन्यांनी वेगळी सभा घ्या.

सत्कार सभेच्या दिवशी नको. त्या दिवशी हिशेब, मतदान, रुसवे-फुगवे, सगळं असेल आणि शालीलाही राजकारणाचा वास लागेल. शेवटच्या केसची गाठ घालून झाली की त्याच मंगळवारी ऑफिसातच करा, संध्याकाळी, तक्रारदार यायच्या वेळेला. त्यांना आधी निरोप द्या. शाल तुमच्याऐवजी त्यांच्यातल्याच कुणीतरी घालू दे.