गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड ८४ अंशांवर जाते. कॅबिनेटच्या वर तीन पंखे बसवल्याने फरक पडेल का?

आपण दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे: आरटीएक्स ३०७० हे तीन पंख्यांचे कार्ड, पुढे काचेचे पॅनेल असलेले कॅबिनेट, हवा आत घेणारा १२० मिलिमीटरचा एक पंखा पुढे आणि बाहेर टाकणारा एक मागे. खोलीचे तापमान २९ अंश सेल्सिअस असताना अर्ध्या तासाच्या खेळानंतर कार्ड ८४ अंशांवर आणि त्याचा हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरील सर्वांत गरम बिंदू, ९७ अंशांवर पोहोचतो. वरच्या बाजूला बाहेर हवा टाकणारे तीन पंखे बसवावेत का, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे की ते बसवू नयेत, निदान आधी तरी बसवू नयेत. आपल्या कॅबिनेटमधून हवा बाहेर जाण्याची सोय अपुरी असल्याचे मला दिसत नाही. थंड हवा कार्डाच्या पंख्यांपर्यंत पोहोचत नाही, ही खरी अडचण वाटते, आणि वरचे पंखे तिच्यावर फारसा उपाय करणार नाहीत.

८४ अंश हा आकडा घाबरण्यासारखा नाही, मात्र दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांच्या अनेक पिढ्यांमध्ये तापमानाचे मूळ लक्ष्य ८३ अंशांच्या आसपास ठेवलेले असते आणि ते गाठले की कार्ड स्वतःहून आपली गती कमी करू लागते. आरटीएक्स ३०७० साठी एनव्हिडियाने दिलेली कमाल मर्यादा ९३ अंश आहे, त्यामुळे कार्ड जळण्याचा धोका येथे नाही. नुकसान होते ते वेगळ्या स्वरूपाचे: घड्याळगती, म्हणजे चिपचा काम करण्याचा वेग, पायरीपायरीने खाली येते, पंखे पूर्ण वेगाने ओरडू लागतात आणि खेळातील फ्रेम्स (दर सेकंदाला दिसणारी चित्रे) पहिल्या दहा मिनिटांत जितक्या मिळत होत्या तितक्या नंतर मिळत नाहीत. हॉटस्पॉटचा आकडा मात्र मला दिलासादायक वाटतो. चिपचे सरासरी तापमान आणि तिच्यावरील सर्वांत गरम बिंदू यांच्यात १० ते १५ अंशांचे अंतर सर्वसाधारण मानले जाते. आपल्याकडे ते १३ आहे. हेच अंतर २५ किंवा ३० अंशांवर गेले असते, तर चिप आणि हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा भाग) यांच्यामधील थर्मल पेस्ट सुकली असावी किंवा हीटसिंक नीट टेकलेला नसावा, असा संशय मी घेतला असता.

तरीही काहीही विकत घेण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी, कारण तिला काही खर्च नाही आणि तिच्याइतके नेमके उत्तर दुसरे कशानेही मिळत नाही. कॅबिनेटचे बाजूचे पॅनेल बंद ठेवून, कार्डावर पूर्ण भार येईल असा एखादा खेळ तापमान स्थिर होईपर्यंत, म्हणजे साधारण वीस ते तीस मिनिटे चालवावा आणि कार्डाचे तापमान, हॉटस्पॉट, पंख्यांचा आरपीएम (मिनिटाला फेरे) व वॅटेज हे आकडे दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमधून नोंदवावे. नंतर बाजूचे पॅनेल काढून, खोलीचे तापमान तेच असताना, खेळातील तोच भाग पुन्हा तितकाच वेळ चालवावा. दोन्ही वेळा कार्डाच्या पंख्यांचा वेग आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एकाच टक्केवारीवर स्थिर ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा पॅनेल उघडल्यावर कार्ड आपले पंखे मंद करते, तापमान होते तेवढेच दिसते आणि फरक पडला नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पॅनेल काढल्यावर तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर दोष कॅबिनेटमधील हवेच्या वाटेचा आहे आणि पुढील सर्व मजकूर आपल्यासाठी आहे. दोन-तीन अंशांचाच फरक पडला, तर कॅबिनेटमध्ये कितीही पंखे लावले तरी हाती फारसे लागणार नाही. तेव्हा कार्डाच्या हीटसिंकमधील धूळ, पेस्ट आणि कार्डाची वीजमर्यादा यांकडे वळावे.

या चाचणीमागील तत्त्व समजून घेतले की पंखे कोठे लावायचे हे आपोआप उलगडते. आपल्या कार्डाचा कूलर उघड्या प्रकारचा आहे, म्हणजे त्याचे तीन पंखे खालून हवा ओढून हीटसिंकमधून ढकलतात आणि तापलेली हवा कॅबिनेटच्या आतच सोडतात. हा कूलर चिपला केवळ स्वतःला मिळणाऱ्या हवेच्या तुलनेत थंड ठेवू शकतो. वीज व पंख्यांचा वेग तोच असेल, तर कार्डाच्या तोंडाशी येणारी हवा एका अंशाने तापली की चिपही साधारण एका अंशाने तापते. म्हणून ८४ या आकड्यापेक्षा ‘खोलीपेक्षा ५५ अंश जास्त’ असे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. त्या ५५ अंशांपैकी काही वाटा कूलरचा आणि काही वाटा कॅबिनेटमध्ये साचलेल्या गरम हवेचा असतो, आणि आपल्याला कमी करायचा आहे तो हा दुसरा वाटा.

हवा किती लागते याचा अंदाजही मांडता येतो. आरटीएक्स ३०७० चा निर्धारित वीजवापर २२० वॅट आहे. प्रोसेसर आणि इतर भाग धरून खेळताना कॅबिनेटमध्ये सुमारे ३०० वॅट उष्णता निर्माण होते असे समजू. ही उष्णता वाहून नेताना हवेचे तापमान सरासरी १० अंशांहून अधिक वाढू नये असे वाटत असेल, तर दर सेकंदाला सुमारे २५ लिटर, म्हणजे मिनिटाला ५३ घनफुटांच्या आसपास हवा कॅबिनेटमधून प्रत्यक्ष वाहिली पाहिजे. प्रवाह निम्मा झाला, तर ही वाढ २० अंशांवर जाते. येथे ‘प्रत्यक्ष’ हा शब्द महत्त्वाचा आहे. १२० मिलिमीटरच्या चांगल्या पंख्याच्या खोक्यावर मिनिटाला ५० ते ७० घनफूट असा आकडा छापलेला असला, तरी तो मोकळ्या हवेत, समोर कोणताही अडथळा नसताना मोजलेला असतो. धूळ अडवणारा फिल्टर, जाळी आणि त्यापुढे काचेचे अखंड पॅनेल असेल, तर तोच पंखा त्यापेक्षा बरीच कमी हवा देतो, आणि आपल्याकडे तर असा एकच पंखा आहे.

म्हणून पहिला पैसा पुढच्या बाजूवर खर्च करावा. पुढे आणखी एक किंवा दोन पंखे आत हवा घेणारे बसवावेत आणि त्यांपैकी निदान एक कार्डाच्या उंचीला किंवा त्याच्या किंचित खाली येईल असे पाहावे, कारण कार्डाचे पंखे खालच्या बाजूने हवा ओढतात. कॅबिनेटच्या तळाला पंख्याची जागा असेल, तर ती सर्वांत मौल्यवान समजावी: तेथे वर हवा फेकणारा पंखा लावला की खोलीतील हवा, आतील हवेत फारशी न मिसळता, थेट कार्डाच्या तोंडाशी जाते. अर्थात त्यासाठी कॅबिनेटचे पाय पुरेसे उंच हवेत आणि ते सतरंजीवर ठेवलेले नसावे. बऱ्याच कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय झाकणारे आवरण तळाची जागा व्यापते. त्याच्या वरच्या पृष्ठावर पंख्यासाठी छिद्रे असतात खरी, पण त्या आवरणाच्या आत बाहेरची हवा येण्याची वाट नसेल, तर तेथील पंखा आतलीच गरम हवा फिरवत राहतो.

१४० मिलिमीटरचे पंखे बसत असतील, तर तेच घ्यावेत. तेवढीच हवा ते कमी वेगाने आणि म्हणून कमी आवाजात देतात. निवड करताना केवळ घनफुटांचा आकडा न पाहता स्थिर दाबाचा (अडथळ्यातून हवा ढकलण्याच्या क्षमतेचा) आकडाही पाहावा, कारण फिल्टर आणि काच यांच्या आडून हवा ओढण्यासाठी दाबच उपयोगी पडतो. बसवताना दिशा चुकू नये: ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे आधार असतात, त्या बाजूने पंखा हवा बाहेर टाकतो, काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही कोरलेले असतात.

पुढच्या काचेविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. अशा पॅनेलच्या कडेला अरुंद फटी असतात आणि सगळी हवा तेवढ्यातूनच यावी लागते. बाजूचे पॅनेल जागेवर ठेवून फक्त पुढचे पॅनेल काढून वरील चाचणी पुन्हा करावी. एवढ्यानेच पाच-सात अंश उतरले, तर नवीन पंख्यांपेक्षा जाळीदार पुढचा भाग असलेले कॅबिनेट घेणे हाच दीर्घकाळ उपयोगी पडणारा निर्णय आहे, आणि तो मी कोणत्याही दिव्यांच्या सजावटीपेक्षा वरचा मानतो. दिसायला सुंदर काच कार्डाला वर्षानुवर्षे कोंडून ठेवते, हे मला खरोखर खटकते.

आता वरच्या पंख्यांविषयी. वर तीन पंखे लावले, तर बाहेर टाकणारे चार आणि आत घेणारा एक अशी स्थिती होईल. आत येणारी हवा पुढच्या एका पंख्यावर अवलंबून राहणार नाही. ती मागच्या स्लॉटच्या झाकणांमधून, सांध्यांमधून, जेथून मिळेल तेथून, फिल्टर न होता धुळीसह खेचली जाईल. शिवाय वरच्या बाजूचा सर्वांत पुढचा पंखा नुकतीच आत आलेली थंड हवा कार्डाला किंवा प्रोसेसरला भेटण्याआधीच बाहेर ओढून नेतो, म्हणून ती जागा रिकामी ठेवणे बहुधा हिताचे ठरते. पुढचे पंखे वाढवल्यानंतर वर मागच्या कोपऱ्यात एक पंखा लावायला माझी हरकत नाही; त्याचा फायदा प्रोसेसरला जास्त आणि कार्डाला थोडा होईल. एकूण आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक राहिली, की धूळ मुख्यतः फिल्टरवर साठते व तेथून ती सहज काढता येते.

पंखे बसवल्यानंतर त्यांचा वेग कशावर ठरतो, हा भाग बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहतो, आणि माझ्या मते येथेच विनाखर्च सर्वाधिक सुधारणा दडलेली असते. मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ सेटिंग्जमध्ये, कॅबिनेटच्या पंख्यांचा वेग सहसा प्रोसेसरच्या तापमानाशी बांधलेला असतो. खेळताना मात्र उष्णतेचा मोठा भाग ग्राफिक्स कार्ड निर्माण करते, तर प्रोसेसर अनेकदा निवांत, ६० ते ६५ अंशांवर असतो; परिणामी कार्ड तापून निघत असतानाही कॅबिनेटचे पंखे ६००-७०० आरपीएमवर रेंगाळतात. उलट एखादा प्रोग्राम उघडताच प्रोसेसर क्षणभर तापतो आणि सगळे पंखे विनाकारण गरजतात. यासाठी फॅनकंट्रोल हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरून पुढचे आणि तळाचे पंखे कार्डाच्या तापमानाशी जोडावेत. ५० अंशांपर्यंत ४० टक्के, ६५ अंशांना ६० टक्के आणि ७५ अंशांना ८० टक्के, अशी चढण सुरुवातीला पुरेशी आहे. वेग सतत वरखाली होऊ नये म्हणून दोन-तीन अंशांचा हिस्टेरिसिस (तापमान तेवढे बदलेपर्यंत वेग तोच ठेवणारी सूट) आणि काही सेकंदांचा विलंब ठेवावा. सर्व पंखे कायम १०० टक्क्यांवर चालवण्याचा मोह टाळावा: हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, पण वेग दुप्पट केल्यास आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. एका हेडरवर (मदरबोर्डवरील पंख्याच्या जोडणीवर) स्प्लिटरने अनेक पंखे जोडताना त्यांच्या एकूण विद्युतप्रवाहाची बेरीज करावी, कारण मदरबोर्डचा हेडर सहसा १ अँपिअरपर्यंतच देतो.

हवेची वाट मोकळी केल्यावरही समाधान झाले नाही, तर उष्णता मुळातच कमी निर्माण करणे हा उपाय उरतो, आणि मी तो कमीपणाचा मानत नाही. आफ्टरबर्नरमध्ये वीजमर्यादा ८५ टक्क्यांवर आणली, तर आपल्या कार्डाचा वापर २२० वरून सुमारे १८७ वॅटवर येतो आणि फ्रेम्समध्ये होणारी घट वीजबचतीच्या मानाने खूपच लहान, बहुधा पाच टक्क्यांच्या आत राहते. त्याहून चांगला मार्ग अंडरव्होल्टिंगचा, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज देण्याचा, आहे: चिपची वीज घड्याळगतीच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे व्होल्टेज थोडेसे उतरवल्याने मोठा फायदा मिळतो. आरटीएक्स ३०७० ची अनेक कार्डे सुमारे ०.९ व्होल्टवर १८०० ते १९०० मेगाहर्ट्झ गती स्थिरपणे देतात. तेथून सुरुवात करून, खेळ बंद पडल्यास गती थोडी कमी करावी. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल आणि खेळ २०० फ्रेम्स देत असेल, तर फ्रेम्सवर १४० च्या आसपास मर्यादा घालावी, म्हणजे मॉनिटर दाखवू शकत नाही अशा फ्रेम्ससाठी कार्ड तापणार नाही. हे बदल एकाच वेळी न करता एकेक करून, प्रत्येकानंतर वरील चाचणी त्याच पद्धतीने घ्यावी. त्या नोंदी येथे लिहिल्यात, तर पुढचा पंखा घ्यावा की कॅबिनेटच बदलावे, हे मी आपल्याला अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.