आकडा कंट्रोलरचा, कच्ची राहते ती शाई

प्रश्न : माझ्याकडे टी-शर्ट छपाईसाठी छोटा कन्व्हेअर ड्रायर आहे, म्हणजे चालत्या बेल्टवरून शर्ट तापलेल्या बोगद्यातून नेणारं मशीन. उष्णतेने पिकणाऱ्या प्लास्टिसोल शाईच्या डब्यावर 160 अंश सेल्सिअस लिहिलंय, म्हणून ड्रायरचं तापमान राखणाऱ्या कंट्रोलरवरही 160 लावतो. तरी दोन-तीन धुण्यांत छपाईला तडे जातात. 190 करून पाहिलं, तर पांढऱ्या कापडावर पिवळट झाक आली आणि काही शर्टांची शाई तरीही कच्चीच. शिवाय आकडा एका जागी थांबत नाही, वीस अंश वर जातो, मग खाली येतो. कंट्रोलर बदलून टाकू का?

उत्तर : एवढ्यात नको. कंट्रोलर बिचारा खोटं बोलत नसावा, पण तो सांगतोय भलतंच. थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचं, टोक जिथे आहे तिथलं तापमान तेवढं त्याला कळतं, आणि ते टोक बेल्टच्या वर कुठेतरी हवेत असतं. काही मशिनांत तर ते थेट इन्फ्रारेड पॅनेलला लावलेलं असतं. तिथे कंट्रोलरवर 450 दिसले तरी शाई 150 पर्यंत पोचलेली नसते. डब्यावरचे 160 शाईचे आहेत, तेही वरच्या पापुद्र्याचे नव्हेत. कापडाला चिकटलेला तळाचा थर तेवढा तापायला हवा.

तेव्हा आधी शाई मोजा. तापमान दाखवणाऱ्या चिकटपट्ट्या मिळतात. त्यांच्यावरचा चौकोन ठरावीक अंशाला काळा पडतो आणि पुन्हा पांढरा होत नाही. एका शर्टावर छपाईच्या अगदी लगत तीन लावा : डाव्या कडेला, मध्ये, उजव्या कडेला. मधली 160 दाखवते आणि कडेची 145 वर अडकते, असं मी कित्येक मशिनांवर पाहिलंय. तसं असेल तर छोटी छपाई मधूनच सोडा. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन वापरत असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ती फक्त पृष्ठभाग पाहते. आणि 12:1 ची, म्हणजे अंतराच्या बाराव्या भागाएवढा गोल पाहणारी, गन 60 सेंटिमीटरवरून धरली, तर ती 5 सेंटिमीटर रुंदीच्या गोलाची सरासरी देते. म्हणजे शाईबरोबर आजूबाजूचं कापडही मोजलं जातं. शर्ट बाहेर पडल्यावर मोजायला दोन-चार सेकंद लावलेत, तर तेवढ्यात आकडा घसरलेला असतो.

आता बेल्ट. तुमचं दुखणं बहुतेक इथेच आहे. पांढरं कापड पिवळं पडतं आणि शाई कच्ची राहते, या दोन्ही तक्रारी एकत्र आल्या की मी आधी बेल्टचा वेग पाहतो. कापडाचा वरचा पदर झटकन भाजतो, पण जाड शाईच्या तळाशी उष्णता मुरायला वेळ लागतो. बेल्टवर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि तो बोगद्यात शिरून बाहेर येईपर्यंतचे सेकंद मोजा. बोगद्याचा तापणारा भाग 120 सेंटिमीटर असेल आणि तुकडा 30 सेकंदांत पार होत असेल, तर वेग निम्मा करा. सेकंदाला 2 सेंटिमीटर, म्हणजे पूर्ण एक मिनिट. मग तापमान खाली आणत आणत पट्टी 160 दाखवील तिथे थांबा. एका वेळी एकच नॉब फिरवायचा. दोन्ही फिरवले की कशाने काय झालं ते कळत नाही, हे माझ्या हाताखालच्या पोरांना मी रोज सांगतो आणि घाईच्या दिवशी स्वतःच विसरतो.

चाचणी रिकाम्या ड्रायरवर घेऊ नका. मशीन अर्धा तास चालू द्या, बेल्ट आणि पत्रे तापू द्या, मग नेहमीसारखे शर्ट लागोपाठ सोडा आणि पट्टी विसाव्या शर्टाला लावा. सुती कापडातला ओलावा उडवण्यात बरीच उष्णता खर्ची पडते. म्हणून पहिला शर्ट करपतो आणि विसावा कच्चा निघतो. तुमचे 'काही शर्ट' कच्चे राहतात, ते कितवे असतात हे एकदा पाहून ठेवा.

आकड्याच्या झोक्यांचं म्हणाल तर कंट्रोलर पीआयडी, म्हणजे हीटरची उष्णता गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा, असल्यास त्यात ऑटोट्यून असतं, म्हणजे स्वतःच मशीनशी जुळवून घेण्याची सोय. नेहमीचं तापमान लावून, बेल्ट आणि पंखा चालू ठेवून ते एकदा पूर्ण होऊ द्या. पाच-सात अंशांचा झोका राहिला तरी मी त्यामागे लागत नाही. मात्र आकडा वर गेला, कंट्रोलरवरचा आउटपुटचा दिवा विझला आणि तरी तापमान चढतच राहिलं, तर हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले बहुधा शॉर्ट झालाय. मेन स्विच बंद करा आणि रिले बदलेपर्यंत मशीन लावू नका.

थर्मोकपल कधी बदललंय का? माझं नाक इथेच कापलं गेलं होतं. थर्मोकपलचे के, जे असे प्रकार असतात. जुनं के टाइप तुटलं, खणात सापडलं ते मी बसवलं, आणि ते निघालं जे टाइप. कंट्रोलरचं सेटिंग के वरच होतं. जे मध्ये त्याच तापमानाला जास्त मिलिव्होल्ट तयार होतात, त्यामुळे आत खरे दीडशे असताना कंट्रोलर एकशे नव्वदच्या आसपास दाखवायचा. मी खूश होऊन आकडा आणखी खाली आणला. तीनशे शर्ट पहिल्या धुण्यातच परत आले. छपाई नखाने खरवडली तर पापुद्रे सुटत होते. तेव्हापासून थर्मोकपलच्या डोक्यावर खडूने टाइप लिहून ठेवतो.

सगळं जुळल्यावर शर्ट थंड करून छपाई हलकेच ताणा. भेगा पडल्या तर शाई कच्ची. ताणून टिकली तरी एक शर्ट पाच वेळा धुऊन पाहा, मगच माल पाठवा.

प्रश्न : हेच सेटिंग लाल पॉलिएस्टरवर चालेल का? पांढरी छपाई दुसऱ्या दिवशी गुलाबी दिसते.

उत्तर : नाही चालणार. पॉलिएस्टरचा रंग उष्णतेने वायुरूप होऊन शाईत चढतो, आणि ते लगेच दिसत नाही. 130 अंशांच्या आसपास पिकणारी लो-क्युअर शाई घ्या, खाली रंग अडवणारा करडा थर द्या आणि पट्ट्या लावून ड्रायर नव्याने बसवा. बाहेर आलेले शर्ट गरम असताना एकावर एक रचू नका. गठ्ठ्यात उष्णता कोंडते आणि रंग चढतच राहतो.