सगळे खंड परत एकत्र येणार का?

प्रश्न : पँजिया, म्हणजे सगळे खंड जोडलेला जुना महाखंड, फुटून खंड वेगळे झाले म्हणतात, मग ते पुन्हा जुळणार का?

उत्तर : बहुतेक हो, पण २० ते ३० कोटी वर्षांनी, त्यामुळे आत्तापासून प्लॉट बघायची घाई नको! पँजियाआधी रोडिनिया नावाचा महाखंड होता, तोही असाच जुळला नि फुटला. खरा वाद आहे तो कुठला महासागर मिटणार यावर. अटलांटिक सध्या वर्षाला काही सेंटिमीटर रुंदावतोय, पॅसिफिक आकसतोय कारण त्याच्या कडांना समुद्राचा तळच पृथ्वीच्या पोटात घुसतोय, ऑस्ट्रेलिया पण वर्षाला ७ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतोय, असंच चाललं तर अमेरिका आशियाला चिकटून अमेशिया नावाचा नवा महाखंड बनेल. काहीजण म्हणतात अटलांटिकच नंतर मिटेल, पण मला पॅसिफिकवालं जास्त पटतं. भारत तर साधारण ५ कोटी वर्षांपूर्वीच आशियाला धडकलाय, हिमालय त्यातूनच आला.