कोडिंग येत नाही, मास स्पेक्ट्रोमेट्रीचा डेटा बघायला सोपं ओपन-सोर्स सॉफ्टवेअर कोणतं?

‘सोपं’ या शब्दावरून आमच्या सरांशी माझं बरंच वाजलंय, म्हणून लिहितेय.

माझी तेव्हाची लॅब रबाळ्याला, एमआयडीसीत. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणारं इन्स्ट्रुमेंट, झकास, हाय रिझोल्यूशनचं. पण सॉफ्टवेअर एकाच पीसीवर आणि ते चालू करायची यूएसबी किल्ली, डोंगल, सरांच्या ड्रॉवरमध्ये. दिवसभर रन चालू, त्यामुळे डेटा बघायला आमचा नंबर लागायचा संध्याकाळी सातला. मी राहायला कळव्याला. ठाण्याला गाडी बदलून घरी पोचेपर्यंत भाजीवाले उठलेले असायचे.

फेब्रुवारी २०२० मध्ये मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाच्या एका बॅचमध्ये एनडीएमए, म्हणजे कॅन्सरचा धोका असलेली अशुद्धी, मर्यादेच्या वर आलं. बॅच होल्डवर. रक्तदाबाच्या व्हॅलसार्टनमध्ये हेच सापडल्याचं २०१८ चं प्रकरण ताजं होतं, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे पडलेले. सर म्हणाले, “मेथड तयार आहे, बटण दाबलं की रिझल्ट येतो, इतकं सोपं आहे. शंका कसली घेतेस?”

मी स्टोअरजवळच्या जुन्या पीसीवर एमझेडमाइन हे ओपन-सोर्स सॉफ्टवेअर टाकलं होतं. इन्स्ट्रुमेंटची फाइल एमएसकन्व्हर्टने एमझेडएमएल या खुल्या फॉरमॅटमध्ये बदलली आणि उघडली. एनडीएमएच्या आयनाचं पीक ७५.०५५३ या वस्तुमानाला हवं. टॉलरन्स, म्हणजे वस्तुमानात किती फरक चालवून घ्यायचा ते, ५ पीपीएम (दहा लाखांत पाच) ठेवला, तर पीक गायब! ३० केला, पुन्हा हजर. मग ७४.०६०० चा क्रोमॅटोग्राम, म्हणजे वेळेनुसार सिग्नलचा आलेख, त्याच्याखाली लावला. हा डीएमएफ, एक सॉल्व्हंट. कॉलममधून बाहेर पडायची तीच वेळ (रिटेन्शन टाइम), तोच आकार, शेपटीसकट. डीएमएफचा नायट्रोजन-१५ वाला आयन ७५.०५७१ ला येतो, म्हणजे एनडीएमएपासून जेमतेम २४ पीपीएम लांब. नायट्रोजन-१५ निसर्गात ०.३७ टक्केच असतो हे खरं, पण सॉल्व्हंट म्हणून उरलेल्या डीएमएफचा तेवढा अंशही एनडीएमएचं सोंग घ्यायला पुरतो. तयार मेथडमध्ये टॉलरन्स ढगळ ठेवलेला होता, एवढंच.

सर म्हणाले, “फुकटच्या सॉफ्टवेअरवर बॅच सोडायची का?” नाही सोडली. ग्रेडियंट, म्हणजे कॉलममधून जाणाऱ्या द्रावणाचं बदलतं प्रमाण, बदलून डीएमएफ वेगळ्या वेळी बाहेर काढला, पुन्हा रन लावला, त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेस केला. एनडीएमए नाही. मीटिंगमध्ये सरांनी सांगितलं, “आम्ही मेथड ऑप्टिमाइझ केली.” त्याच वर्षी पुढे अमेरिकेच्या एफडीएच्या शास्त्रज्ञांनी मेटफॉर्मिनमधला नेमका हाच घोटाळा पेपरात मांडला. मी तो सरांना पाठवला. उत्तरात अंगठा आला.

तर, तुमचा प्रश्न. काय मोजायचंय हे आधीच ठरलेलं असेल तर स्कायलाइन घ्या. वॉशिंग्टन विद्यापीठातलं आहे, मूळ प्रोटिऑमिक्ससाठी (प्रथिनांच्या अभ्यासासाठी), पण लहान रेणूंनाही चालतं; विंडोजवरच. सँपलमध्ये काय आहे हेच माहीत नसेल तर एमझेडमाइन. मॅक आणि लिनक्सवरही चालतं. एमएस-डायलही वाईट नाही. एक्ससीएमएस आर भाषेतलं, तुम्ही म्हणता कोडिंग नको, मग सोडा. बटणं कमी म्हणजे सोपं असं मानू नका. टॉलरन्स कुठे बदलायचा हे पहिल्या तासात सापडलं नाही, तर ते सॉफ्टवेअर माझ्या लेखी अवघड.

हो, हे आधीच सांगायला हवं होतं: तुम्ही फार्मा क्यूसीत, म्हणजे औषधांच्या गुणवत्ता तपासणीत, असाल तर यातलं काहीही रिपोर्टला चालणार नाही. ऑडिट ट्रेल (कोणी काय बदललं याची नोंद), पार्ट ११ (इलेक्ट्रॉनिक नोंदींचा एफडीएचा नियम), व्हॅलिडेशन, सगळं लागतं. तिथे सर बरोबर होते. आणि टॉलरन्सचा तो रकाना त्यांच्या सॉफ्टवेअरमध्येही होता, तीन मेन्यू आत. आमच्यापैकी कोणीच उघडला नव्हता, मीसुद्धा. एमझेडमाइनच्या नव्या आवृत्तीला खातं काढावं लागतं. कंपनीत वापरणार असाल तर परवान्याच्या अटी आधी वाचा.

एमएसकन्व्हर्टमध्ये पीक पिकिंगचा फिल्टर यादीत सगळ्यात वर ठेवा. खाली ठेवलात तर वेंडरचं, म्हणजे इन्स्ट्रुमेंट कंपनीचं, सेंट्रॉइडिंग (रुंद पीकचं एका आकड्यात रूपांतर) लागू होत नाही, आणि मग तुम्ही दोन दिवस सॉफ्टवेअरलाच शिव्या घालत बसाल.