दोन कार्बोरेटर बसवतोयस? आधी हे बघ

कार्बोरेटरला हात लावायच्या आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) लावून घे. ते चुकलेलं असेल तर पुढची सगळी मेहनत वाया. मॅनिफोल्डला, म्हणजे कार्बोरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या नळीला, गॅस्केट नवीच घाल. तिथून हवा ओढली की मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि आपण उगाच पेट्रोलचे जेट फिरवत बसतो. माझे अख्खे दोन दिवस त्यात गेले होते.

खरी गंमत दोघांची हवा जुळवण्यात आहे. एसयू बनावटीचे कार्बोरेटर असतील तर दोन्ही थ्रॉटल जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सैल कर. इंजिन पुरतं गरम झालं की रबरी नळीचं एक टोक कानाशी धर, दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी. फुसफुस सारखी ऐकू येईपर्यंत आयडल स्क्रू हळूहळू फिरव. बाह्या तेवढ्या फॅनपासून लांब ठेव.

मग एकेका कार्बोरेटरमधला पिस्टन (इंजिनचा नव्हे) जेमतेम १ मिलिमीटर उचल. आरपीएम वाढून तसाच राहिला तर मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बंद पडायला लागलं तर लीन. किंचित वाढून लगेच स्थिरावलं की जमलं. मिक्श्चर बदललं की हवा पुन्हा ऐकायची, कंटाळा करू नकोस. क्लॅम्प शेवटी आवळ. आणि डॅशपॉटमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या वरच्या नळकांड्यातलं, तेल बघितलंस ना?