आधी काम, मग जहाज

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बारावीनंतर जहाजं डिझाइन करायला शिकायचंय म्हटल्यावर 'भंडाऱ्याच्या पोरीले समुद्राचं काय समजते' असं तुला ऐकावं लागलं, याचं वाईट वाटलं. मुंबई आपल्या गावापासून नऊशेक किलोमीटर आहे, हे खरंच. पण कोकणातल्या पोरालाही ही विद्या गणितापासूनच सुरू करावी लागते, आणि गणित तुझं पक्कं आहे.

केबल टाकणारी, गाळ उपसणारी, पाणबुड्यांना (म्हणजे डायव्हर माणसांना) खोल उतरवणारी जहाजं तुला आवडतात असं लिहिलंस. मग एक सवय आत्तापासूनच लाव. अशा जहाजाचा आकार आधी काढत बसू नकोस. मालवाहू जहाज माल इथून तिथे नेतं. ही जहाजं भर समुद्रात थांबून काम करतात. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: कामाच्या सगळ्यात कठीण घटकेला या जहाजावर कोणकोणते जोर असतील, आणि नेमकं तेव्हाच काही तुटलं तर?

हा प्रश्न का, ते सांगतो. १२ एप्रिल २००७ ला स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांच्या पश्चिमेला 'बोर्बन डॉल्फिन' नावाचं नॉर्वेचं जहाज तेलविहीर खोदणाऱ्या एका तरंगत्या रिगचे नांगर टाकत होतं. जहाज नवंकोरं, वर्षसुद्धा झालं नव्हतं. अशा जहाजाच्या मागच्या टोकाला पोलादी खुंट असतात, त्यांना टोइंग पिन म्हणतात. नांगराची साखळी त्यांच्यामध्ये अडकवून मधोमध ठेवायची असते. त्या दिवशी एक पिन खाली घेतली आणि ताणलेली साखळी सरकून एका बाजूला गेली. मधोमध असताना जो ओढा जहाजाला पेलत होता, तोच कडेला गेल्यावर त्याला उलथवणारा ठरला. १५ जणांपैकी ८ जण गेले. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांत नांगर हाताळणाऱ्या जहाजांच्या स्थिरतेसाठी वेगळे निकष आले. साखळी कुठून, किती कोनात, किती टनांनी ओढली तर चालेल याचा तक्ता कॅप्टनच्या हाती आधीच असायला हवा, आणि तो काढायचं काम आपलं, जहाज डिझाइन करणाऱ्यांचं. ही आठ माणसं डोळ्यांसमोर ठेवूनच स्थिरतेचा विषय शीक.

टाक्यांचंही तसंच. उन्हाळ्यात गावात पाण्याचा टँकर येतो ना, तो अर्धा भरलेला असला की वळणावर कसा झोल खातो बघ. पाणी कलत्या बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. या जहाजांत इंधन, पाणी, तेलविहीर खोदताना लागणारा चिखल, सगळं टाक्यांत असतं. म्हणून रुंद टाकीत उभ्या भिंती घालायच्या आणि एका वेळी कमीत कमी टाक्या अर्धवट ठेवायच्या.

पाणबुड्यांच्या जहाजाचा प्रश्न आणखी वेगळा. खाली माणूस असताना जहाज जागचं हलता कामा नये. नांगर न टाकता, संगणकाच्या हुकुमावर चालणारे थ्रस्टर, म्हणजे हव्या त्या दिशेला ढकलणारे पंखे, त्याला धरून ठेवतात. तिथे एक यंत्र बंद पडलं तरी जागा सुटू नये, असा दुहेरी बंदोबस्त करावा लागतो. आपल्याकडेही हे काम होतं. विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डने बांधलेलं 'निस्तार' हे असंच ११८ मीटर लांबीचं जहाज जुलै २०२५ मध्ये नौदलात दाखल झालं.

मला गोदीत सगळ्यात आवडणारा दिवस इन्क्लायनिंग टेस्टचा, म्हणजे जहाज मुद्दाम थोडं कलवून बघायचा. जहाज जवळपास पूर्ण झालेलं असतं. पाणी शांत हवं, दोर ढिले, शिडी काढलेली, माणसं ठरल्या जागी उभी. मग मोजलेली वजनं डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे सरकवतात. आत लांब तारेला ओळंबा टांगलेला असतो, गवंडी वापरतो तसाच. तो डोलत राहू नये म्हणून टोक तेलाच्या भांड्यात बुडवलेलं. ओळंबा पट्टीवर किती सरकला ते मोजायचं, आणि त्या थोड्या मिलिमीटरांवरून एवढ्या लोखंडाचा गुरुत्वमध्य किती उंचावर आहे ते निघतं. कागदावर धरलेल्या सगळ्या वजनांचा हिशोब तिथे तपासला जातो.

शिक्षणाचं थोडक्यात: खरगपूर आणि मद्रास आयआयटी, कोचीचं विद्यापीठ, इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचं विशाखापट्टणम केंद्र, इथे हा विषय शिकवतात. नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही द्यायचा नाही. बाबांना माझ्याशी बोलायला सांग, मी समजावतो.

तोवर हे गणित सोडव. पेटीच्या आकाराचा बार्ज (सपाट तळाची मालनाव) घे: रुंदी १० मीटर, पाण्यात २ मीटर बुडालेला, गुरुत्वमध्य तळापासून ३ मीटर. रुंदीचा वर्ग भागिले बारापट बुडती खोली, त्यात बुडत्या खोलीचा निम्मा मिळव, गुरुत्वमध्याची उंची वजा कर. उत्तर, म्हणजे बार्ज किती स्थिर आहे त्याचं माप, २.१७ मीटरच्या आसपास यायला हवं. मग बुडती खोली तीच धरून रुंदी ८ कर, आणि उत्तर एवढं का घसरलं ते तुझ्या शब्दांत लिही. वहीच्या पानांचे फोटो पाठव. पुढच्या पत्रात त्याच बार्जवर क्रेन चढवू.

तुझा,
काका