वाळूच्या टेकड्यांवर जाताना परवाना कोणत्या गाडीचा?

प्रश्न : आम्ही सॅन डिएगोला राहतो. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत दोन कुटुंबे मिळून कॅलिफोर्नियातील इम्पीरियल सँड ड्यून्स या वाळूच्या टेकड्यांवर जाण्याचा विचार आहे. आमची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी रीतसर नोंदणी केलेली आहे. मित्र त्यांच्या गाडीमागे ट्रेलरवर एटीव्ही, म्हणजे वाळूत व खडबडीत जमिनीवर चालवायची छोटी उघडी गाडी, आणणार आहेत. तेथे जाण्यासाठी शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो, असे कळले. नोंदणीचे पैसे दरवर्षी भरत असताना हे वेगळे शुल्क कशासाठी, आणि ते किती गाड्यांचे भरावे लागेल? राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास चालेल का? – एक वाचक

उत्तर : आपल्याला दोन परवाने घ्यावे लागतील, एक आपल्या गाडीचा आणि एक मित्रांच्या गाडीचा. ट्रेलरवरील एटीव्हीला हा परवाना लागत नाही, कारण येथे शुल्क आकारले जाते ते ‘मुख्य वाहना’वर, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यास कायद्याने पात्र असलेल्या आणि ज्यात बसून माणसे तेथे पोहोचतात त्या वाहनावर. दिवसभर वाळूत धावणारी एटीव्ही मोकळी आणि तळावर उभी राहणारी मोटार मात्र शुल्कास पात्र, हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. परंतु शौचालये, कचऱ्याची विल्हेवाट, रेंजरांची गस्त आणि अपघातातील तातडीची मदत हा खर्च येणाऱ्या माणसांबरोबर वाढतो, आणि माणसे येतात ती याच गाड्यांतून.

नोंदणीचे पैसे राज्याकडे जातात. ही जमीन मात्र संघराज्य सरकारची असून तिची व्यवस्था ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट पाहते. 2004 च्या कायद्यानुसार अशा शुल्काचा किमान 80 टक्के भाग सर्वसाधारणपणे जेथे जमा झाला तेथेच खर्च व्हावा लागतो, म्हणून हे शुल्क मला रास्त वाटते. खटकते ते एवढेच की सर्वांत लहान परवाना आठवड्याचा आहे. एका दुपारपुरत्या येणाऱ्या कुटुंबालाही तेवढेच पैसे मोजावे लागतात, हा अन्याय दूर व्हायला हवा.

परवाना 1 ऑक्टोबर ते 15 एप्रिल या काळात लागतो. अलीकडच्या हंगामांत आठवड्याचा परवाना आधी घेतल्यास 35 डॉलर, प्रत्यक्ष जागेवर घेतल्यास 50 डॉलर आणि संपूर्ण हंगामाचा 150 डॉलर असे दर होते. निघण्यापूर्वी चालू दर पाहून परवाना आधीच घ्यावा आणि तो समोरच्या काचेवर दिसेल असा लावावा. हा विशेष परवाना असल्यामुळे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास त्याऐवजी चालत नाही.

मित्रांच्या एटीव्हीला कॅलिफोर्नियाची ऑफ-रोड वाहनांची वेगळी नोंदणी, म्हणजे लोक ज्याला ग्रीन स्टिकर म्हणतात ती, असायला हवी. आपल्या नंबरप्लेट असलेल्या गाडीला ती लागत नाही. मात्र आपली गाडी टेकड्यांवर नेणार असाल, तर तिलाही इतर वाहनांप्रमाणे लवचीक काठीवर झेंडा लावावा लागेल आणि त्या काठीचे टोक जमिनीपासून किमान 8 फूट उंच असावे लागेल. टेकडीच्या पलीकडून चढून येणाऱ्याला आपली गाडी दिसत नाही, झेंडा तेवढा दिसतो. त्यामुळे सुट्टीच्या गर्दीत याबाबत मुळीच हयगय करू नये. तसेच महामार्ग 78 च्या उत्तरेला लागून असलेला वाळूचा पट्टा राखीव वन्यक्षेत्र आहे आणि तेथे परवाना असला तरी कोणतेही मोटार वाहन नेता येत नाही. आपला तळ या महामार्गावरील ग्लॅमिसजवळ असेल, तर मुलांना ही हद्द पहिल्याच दिवशी दाखवून ठेवावी.